लाल गेला

"लाल गेला!"

आतून अशी हाक आली की फोटोग्राफर हातातलं काम टाकायचा. समोरच्या गिऱ्हाइकाला "हनुवटी वर, हलू नका" असं बजावून तो स्टुडिओतून निघायचा आणि पडदा सारून शेजारच्या कॉम्प्युटरच्या खोलीत यायचा. तिथे टेबलावर जुना मॉनिटर बसलेला असे. बसलेलाच म्हणायचं, कारण त्याचा घाट मांडी घातलेल्या पहिलवानासारखा होता. पुढे फुगीर काच, मागे लांब कुबड, आणि वजन असं की हलवायला दोन माणसं लागत. या मॉनिटरचा लाल रंग मधूनच निघून जाई. मग नवरीचे ओठ काळे पडत, बाळाचे गाल हिरवे होत, आणि कुणाचे तरी आजोबा चार दिवस विहिरीत पडून राहिल्यासारखे दिसत.

फोटोग्राफर मॉनिटरच्या उजव्या अंगाला, कडेपासून वीतभर आत, एक सणसणीत थप्पड हाणायचा. चित्र थरथरायचं आणि लाल परत यायचा.

"शहाण्याला शब्दाचा मार," तो म्हणायचा, "आणि ढोलाला चौदावं रत्न!"

गिऱ्हाइकं हसायची. मॉनिटरला ढोल हे नाव असंच पडलं होतं. फोटोग्राफरला सगळे शटर म्हणत, तेही त्याच्या कॅमेऱ्यावरूनच. त्याचा राग पापणी लवते न लवते तोच उघडायचा आणि मिटायचा. मधल्या क्षणात समोर जो सापडेल तो टिपला जायचा.

ढोलासमोर दिवसभर त्याची बायको बसे. मिटलेले डोळे उघडणं, गालावरचे फोड पुसणं, चौकटीत आगाऊपणे शिरलेली एखादी मावशी कुणाला न दुखवता काढून टाकणं, ही तिची कामं. शटरचा धाकटा भाऊ तिला वहिनी म्हणे, म्हणून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणत. शेजारी बुटक्या स्टुलावर मुलगी अभ्यास करत बसे. ती जन्मली तेव्हा एवढीशी होती की तिचं ठिपकी हे नाव पडलं आणि पुढे ती वाढली तरी नाव वाढलं नाही. लाल गेला की ओरडायचं काम ठिपकीचं. त्या कामाचा तिला अभिमान होता. शाळेत "मोठेपणी कोण होणार?" असं विचारलं तेव्हा तिनं "लाल बघणारी" असं सांगितलं होतं.

वहिनीनं एक गोष्ट पाहिली होती आणि ती कुणालाच सांगितली नव्हती. शटर लाल गेलेला नसतानाही ढोलाला मारायचा. एखादं गिऱ्हाईक टाकून बोललं, कॅमेऱ्याची बॅटरी ऐन वेळी मेली, भावानं पत्ता चुकवला, की तो पडदा सारून यायचा. ढोलावर चांगला लाल दिसत असायचा. तरी हात बसायचाच. मग तो श्वास सोडायचा, मनगट झटकायचा आणि हसत परत जायचा.

ढोल यायच्या आधी हाच हात एकदा वहिनीच्या कानशिलावर बसला होता. निगेटिव्हचं एक पाकीट दुसऱ्याच गिऱ्हाइकाला दिलं गेलं, एवढंच निमित्त. तेव्हापासून तिच्या डाव्या कानात एक बारीक सूर राहिला होता, कुणी नळ नीट बंद न केल्यासारखा. पुढे ढोल आला, त्याचा लाल जाऊ लागला, आणि शटरच्या हाताला जागा मिळाली. त्यानंतर घरात कुणाला त्याचं बोटही लागलं नाही. वहिनीनं याचा अर्थ सरळ लावला होता. ढोल मार खातो म्हणून आपण खात नाही.

एकदा एक दुरुस्तीवाला फोटो काढायला आला होता. त्यानं त्या थपडीचा आवाज ऐकला आणि न राहवून ढोलाच्या मागे डोकावून पाहिलं.

"आतला डाख निघालाय," तो म्हणाला. "खोलून पुन्हा डाख दिला की संपलं. परत कधी हात लावावा लागणार नाही."

"माझा हात आहे की समर्थ," शटर म्हणाला. "तुम्ही चहा घ्या."

वहिनीनं त्याला चहा दिला, तो संपायच्या आत कप उचलला आणि त्याला दारापर्यंत पोचवून आली. नवराबायकोचं एखाद्या गोष्टीवर इतकं एकमत क्वचितच झालं असेल.

मग एके दिवशी धाकट्यानं फ्लॅट मॉनिटर आणायचं काढलं. छपाई आणि गिऱ्हाइकांना अल्बम पोचवणं त्याच्याकडे होतं, त्यामुळे बाहेरचं जग त्यालाच दिसे. सगळ्या स्टुडिओंमधून जुने मॉनिटर निघाले होते, भंगारवाल्याच्या दारात त्यांची चळत लागली होती.

"वहिनी, तुमच्या डोळ्यांसाठी तर आणतोय," तो म्हणाला. "संध्याकाळी बघा कसे लाल होतात. आणि तुम्हीच नको म्हणता?"

"त्यात काळा काळा दिसत नाही रे. राखेसारखा दिसतो."

"होईल सवय."

"आणि उभं राहिलं की रंग वेगळा, बसलं की वेगळा. मी पाहिलाय दुकानात. जरा मान हलली की चेहरा बदलतो. कशाच्या भरवशावर काम करू?"

"मग मान हलवायची नाही."

"तुझ्या दादासमोर हलवत नाही, तशी?"

धाकटा खो खो हसला. शटरही हसला. वहिनीनं सांगितलेली कारणं सगळी खरी होती, पण तिचं कारण त्यांत नव्हतं. ती पाटीसारखी चपटी वस्तू तिनं दुकानात बोटानं दाबून पाहिली होती. बोट टेकलं तिथे पाण्यात बोट बुडवल्यासारखी वलयं उठली होती. याला मारता येणार नाही, हे तिला तिथेच कळलं. पण हे सांगणार कुणाला, आणि कोणत्या तोंडानं? माझ्या नवऱ्याचा मार खायला घरात काहीतरी जाड हवं, असं?

फ्लॅट आला. दोघा भावांनी ढोल उचलून जिन्याखालच्या अडगळीत नेऊन ठेवला. टेबलावर त्याच्या बुडाचा चौकोन तेवढा स्वच्छ उरला होता. खोली एकदम मोठी झाली. पहिल्या दिवशी शटर येताजाता त्या पाटीकडे कौतुकानं बघत होता. "काय पातळ आहे! वाऱ्यानं उडेल."

ठिपकीला मात्र ती आवडली नाही. तिच्या बुटक्या स्टुलावरून वर पाहिलं की पाटीवरची माणसं काळीनिळी दिसत, त्यांचे दात चमकत आणि डोळ्यांच्या खोबणी होत.

"आई, हे भुतासारखे दिसतात."

"खालून बघू नकोस, म्हणजे नाही दिसणार," वहिनी म्हणाली. हातात काम होतं, म्हणून तेवढंच म्हणाली.

मग दिवस जाऊ लागले तसा शटरचा हात रिकामा राहू लागला. शिवशिवणं म्हणतात ते वहिनीला डोळ्यांनी दिसत होतं. सवयीनं तो पडदा सारून आत यायचा, हात ढोलाच्या उंचीपर्यंत जायचा आणि तिथे नुसती हवा असायची. मग तो हात काहीतरी शोधायचा. एकदा ड्रॉवर असा आपटला की त्याची फळी निघाली. एकदा पडद्याची दांडी भिंतीतून उपटून आली. एकदा लाइटच्या बटणावर त्यानं मूठ मारली, बटण फुटून आत गेलं आणि त्याच्या बोटांना झटका बसला. त्या दिवशी तो भिंतीलाच लाथा मारत राहिला, "मला झटका देतेस? मला?" असं म्हणत, चप्पल तुटेपर्यंत. वहिनीनं ठिपकीला वर घरात पाठवलं आणि जिन्याच्या दाराला कडी घातली. खोलीत अजून काय काय फुटण्यासारखं आहे ते ती बघू लागली. वस्तू भराभर संपत होत्या.

धाकट्याची पाळी अल्बममुळे आली. फ्लॅटवर लग्नाचे फोटो लखलखीत दिसले, म्हणून ते तसेच छापले गेले. कागदावर ते काळवंडून आले. नवरीच्या वडिलांनी अल्बम काउंटरवर आदळला.

"माझ्या मुलीचं लग्न होतं हे! कोळशाच्या वखारीचं उद्घाटन नव्हतं!"

चार गिऱ्हाइकांसमोर ते बोलले. शटरनं माफी मागितली, नव्यानं छापून द्यायचं कबूल केलं, त्यांना दारापर्यंत सोडलं. परत आला तेव्हा त्याच्या मानेची शीर उडत होती. धाकटा फ्लॅटसमोर बसून तेच फोटो उघडत होता. शटर त्याच्या मागे उभा राहिला.

"हे बघ. चांगले पांढरेफटक दिसतायत. मग छापताना काळं कुणी फासलं?"

"पांढरे कुठायत दादा? मला तर बरोबर दिसतायत."

"आंधळा आहेस का?"

"तू जरा खाली बस, मग बघ."

"मला बस म्हणतोस? माझ्या दुकानात?"

"अहो, दोघांचंही बरोबर आहे," वहिनी घाईनं म्हणाली. "तुम्ही उभे आहात, तो बसलाय. वरून पांढरं दिसतं, समोरून—"

कुणी ऐकलं नाही. एकाच पाटीकडे बघत दोघं दोन वेगळे फोटो पाहत होते आणि दोघंही खरं बोलत होते. शटरचा हात वर गेला, पाटीच्या उजव्या अंगाला, नेहमीच्या जागी. धाकट्यानं दोन्ही हातांनी पाटीला कवटाळलं.

"दादा, नको! याला मारायचं नसतं, फुटतं ते!"

हात वळला आणि धाकट्याच्या तोंडावर बसला. त्याचं डोकं मागच्या रॅकवर आपटलं, अल्बमचे गठ्ठे खाली आले. दुसरा फटका मुठीचा होता. ओठ दातावर चिरला. कॉलरला धरून शटरनं त्याला खुर्चीवरून ओढला, टेबलाच्या कडेवर आदळला, पुन्हा उचलला. वहिनी त्याच्या दंडाला लोंबकळली तर तो तिच्यासकट हात फिरवू लागला. कीबोर्डवर रक्त पडत होतं आणि पाटीवर आपोआप अक्षरं उमटत होती, कारण धाकट्याचा कोपर बटणांवर दाबला गेला होता.

मग ते मिटलं, जसं नेहमी मिटे तसं. शटरनं श्वास सोडला, मनगट झटकलं.

"झालं," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

धाकट्यानं तळहातावर थुंकून पाहिलं. एक दात होता.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "ठिपकीला घ्या आणि माझ्या खोलीवर चला. आत्ता."

"तू आधी टाके घालून ये."

"आज मी होतो. उद्या कोण असेल?"

तिला ते ठाऊक होतं. पण निघून जायचं तिच्या मनात आलं नाही. तिच्या मनात जिन्याखालची अडगळ आली.

दुसऱ्या दिवशी शटर बाहेरच्या कामाला गेला तेव्हा तिनं गोणपाट अंथरलं, ढोल त्यावर कलता केला आणि एकटीनं ओढत बाहेर आणला. पाठीत कळ आली. टेबलाशेजारच्या बाकावर तो चढवताना तिचं एक नख उपटलं. वायरी जोडल्या. ढोल कुरकुरला, गुणगुणला आणि हळूहळू उजळला. पडद्यावर एक नवरी हसत होती. तिचे ओठ लालभडक होते.

शटर आला तेव्हा चिडूनच आला होता. त्यानं बॅग फेकली.

"लाल गेला," वहिनी म्हणाली.

तो दारातच थांबला. त्यानं ढोलाकडे पाहिलं, नवरीच्या लाल ओठांकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती खाली बघत होती.

"हा कशाला काढलास?"

"काळा नीट बघायला. पाटीवर दिसत नाही."

"आणि लाल गेलाय."

"हो. गेलाय."

यापेक्षा जास्त उघडपणे त्या दोघांमध्ये ही गोष्ट कधी बोलली गेली नव्हती. शटर पुढे आला आणि त्यानं थप्पड मारली. नवरी थरथरली. त्यानं दुसरी मारली. मग तिसरी, पाठोपाठ, आणि मग त्याची मूठ वळली. इतक्या दिवसांचं उपाशी माणूस ताटावर तुटून पडावं तसा तो ढोलावर तुटून पडला. ढोलाचं प्लास्टिक तडकलं. आता लाल खरोखरच गेला, मग हिरवा गेला, नवरी निळी पडली, तरी हसत राहिली. "हसतेस?" तो ओरडला. "हसतेस?" कोपऱ्यातला तिवई स्टँड त्यानं पाय धरून उचलला आणि त्याचं लोखंडी डोकं काचेवर घातलं.

फुग्यासारखा आवाज झाला नाही. विहिरीत मोठा धोंडा पडावा तसा, आत ओढून घेतलेला आवाज झाला, आणि लगेच काच बाहेर उडाली. वहिनीनं तोंड झाकलं. शटरच्या भुवईवर चीर पडली, रक्त डोळ्यात आलं. ढोलाच्या पोटातून पांढरी पूड सांडत होती. जळक्या धुळीचा वास सुटला.

"मेला," शटर म्हणाला आणि हसला.

दारात ठिपकी उभी होती, पाठीवर दप्तर. ती काचेकडे बघत नव्हती. ती बाबांचा हात बघत होती, कसा धरलाय, कुठून फिरवलाय, मन लावून, शाळेत फळ्याकडे बघतात तशी.

"बाबा," ती म्हणाली, "आता लाल कसा येणार?"

वहिनीनं काचा झाडल्या. केरसुणीनं मोठ्या निघाल्या, बारीक ओल्या फडक्यानं टिपल्या, तरी पुढे कितीतरी दिवस कुणाच्या ना कुणाच्या पायात एखादी रुतायची. झाडताना तिनं पुन्हा हिशेब लावला. घरात मारायला जाड असं आता काही उरलं नव्हतं. तीन माणसं उरली होती, आणि त्यांतलं एक तो स्वतः होता.

काही दिवस शांत गेले. शटर लाडीगोडीनं वागत होता. बायकोच्या नखाला त्यानं स्वतः पट्टी बांधली. धाकटा कामाला येत नव्हता. छपाईही वहिनीच बघत होती.

त्या दुपारी स्टुडिओत एक म्हातारे गृहस्थ पासपोर्टचा फोटो काढायला बसले होते. वहिनी छापलेले कागद आणायला मागच्या खोलीत गेली. ठिपकी शाळेतून आली, आपल्या बुटक्या स्टुलावर बसली आणि तिनं वर पाहिलं. पाटीवर एक अख्खं कुटुंब होतं. सगळे काळेनिळे. बाळसुद्धा.

"लाल गेला!" ती ओरडली.

"थांब जरा!" स्टुडिओतून शटर म्हणाला. "आजोबा, हनुवटी वर. हलू नका."

"बाबा, लाल गेला!"

"आलो म्हटलं ना!"

कुणी येत नव्हतं आणि बाळ गुदमरल्यासारखं दिसत होतं. ठिपकी उठली. उठता उठता रंग थोडा सुधारला असणार, पण तिचं लक्ष पडद्यावर नव्हतं. ती जागा शोधत होती. उजवं अंग, कडेपासून वीतभर आत. तिनं चवडे उंचावले, हात मागे नेला, बाबा नेत तसा खांद्यापासून, आणि सगळा जीव लावून थप्पड हाणली.

पाटी कुरकुरली. मारलेल्या जागेपासून एक काळा डाग फुटला, शाई सांडावी तसा पसरत गेला आणि त्यानं आई, वडील, बाळ सगळे गिळले.

पडदा सरकला. शटरनं पाटी पाहिली. मग ठिपकीचा हात पाहिला, अजून वरच होता.

मागच्या खोलीच्या दारातून वहिनी आली तेव्हा त्याचा हात उठलेला होता. हातातले कागद टाकून ती मध्ये घुसली. फटका तिला बसला, डाव्याच कानावर. ती टेबलावर कोसळली. कानातला तो बारीक सूर एकदम थांबला, आणि त्याबरोबर त्या बाजूचं सगळंच थांबलं. अर्धं जग मुकं झालं. उरलेल्या अर्ध्यात तिला ठिपकीचं रडणं ऐकू आलं, टेबलाखालून. शटर वाकून तिला केसांना धरून बाहेर ओढत होता आणि त्याचा दुसरा हात पुन्हा वर जात होता.

"ए शटर!"

लग्न झाल्यापासून तिनं त्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. त्यामुळे तो दचकला आणि वळला. तिच्या हातात तोच तिवई स्टँड होता. तिनं तो फिरवला. लोखंड मनगटावर बसलं, सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला, आणि हात भलत्याच ठिकाणाहून वाकला. तो ओरडला. तिनं पुन्हा मारलं, कोपरावर. तो गुडघ्यांवर आला. तिनं खांद्यावर मारलं, पाठीत मारलं. त्यानं चांगला हात पुढे केला तर त्यावरही मारलं. आपण ओरडतोय हे तिला कळत नव्हतं. "हात खाली! हात खाली! हात खाली!" तो केव्हाच खाली पडलेला होता, फरशीवर गाल टेकून. वहिनीनं स्टँड पुन्हा डोक्यावर उचलला.

तेवढ्यात स्टुडिओतून आवाज आला.

"मी हलू का आता?"

लाइटखाली, स्टुलावर, म्हातारे गृहस्थ हनुवटी वर करून अजून तसेच बसले होते. हलू नका म्हटलं म्हणून ते हलले नव्हते.

वहिनीचा हात वरच राहिला. तिनं त्या हाताकडे पाहिलं. खांद्यापासून मागे नेलेला, अगदी त्याच्यासारखा. तिनं स्टँड हळूच खाली ठेवला, टेबलाला टेकवून, आवाज न करता.

टेबलाखालून ठिपकी बाहेर आली. तिच्या डोक्यावर केस उपटलेल्या जागी लाल ठिपके उमटले होते. ती बाबांजवळ उकिडवी बसली.

"मी तुमच्यासारखीच मारली होती, बाबा," ती समजावून सांगत असल्यासारखी म्हणाली. "त्याच जागी. तरी नाही आला."

शटरनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

"आजोबा," वहिनी म्हणाली, "तुमचा फोटो नंतर काढू. जाता जाता याला दवाखान्यात सोडाल?"

"मी?"

"तो काही करणार नाही आता. त्याला हात नाहीत."

म्हातारे गृहस्थ खाली उतरले. त्यांनी आपला रुमाल शटरच्या भुवईला बांधला. तिथली जुनी चीर उघडली होती. मग त्याला काखेत धरून त्यांनी उठवलं. दारात शटर थांबला.

"अगं, मी पोरीला मारणार नव्हतो," तो म्हणाला. "नुसता हात उगारला होता."

तो तिच्या डाव्या बाजूला उभा होता. वहिनीला त्याचे ओठ हललेले तेवढे दिसले. काय म्हणाला असेल ते तिला कळलं, पण परत विचारलं नाही. ते दोघं रस्त्यावर गेल्यावर तिनं दुकानाचं शटर ओढून बंद केलं.

धाकटा परतला. बोलताना त्याची पुढच्या दाताची फट दिसे आणि त्या फटीतून तो शिट्टी वाजवे, ती ऐकून ठिपकीही शिट्टी वाजवायला शिकली. त्यानं दुसरा फ्लॅट आणला. वहिनीनं आधी कागदावर छापून पाहिलं, मग पाटीची चमक कमी करत करत तिला कागदाशी जुळवलं. पाटीच्या खाली तिनं दोन जाड पुस्तकं सरकवली. बुटकं स्टूल अडगळीत टाकलं आणि ठिपकीसाठी उंच खुर्ची आणली, आईच्या डोळ्यांच्या बरोबरीला येणारी.

"आता बघ. बाळ कसंय?"

"गुलाबी," ठिपकी म्हणाली. मग थोड्या वेळानं: "आणि लाल गेला तर?"

"आधी उठायचं. मग बसायचं. इकडून बघायचं, तिकडून बघायचं. आपणच वाकडे बसलेले असतो पुष्कळदा."

"आणि तरी नाही आला तर?"

"तर मला सांगायचं. आपण डाख देऊन घेऊ."

"डाख म्हणजे?"

वहिनीनं तिला डाख म्हणजे काय ते सांगितलं. तार कशी सुटते, कथील कसं वितळतं, सुटलेलं परत कसं जुळतं आणि न मारता कसं टिकतं, सगळं, कागदावर चित्र काढून. ठिपकी मन लावून बघत होती.

शटर आला तो प्लास्टर निघाल्यानंतर. काउंटरच्या बाहेर उभा राहिला. उजवं मनगट वाकडं जुळलं होतं, तो ते डाव्या हातात धरून होता, दुसऱ्याचं सांभाळायला दिल्यासारखं. वहिनी पाटीकडे तोंड करून बसली होती. तिचा डावा कान रस्त्याकडे होता.

"अगं," तो म्हणाला.

तिला ऐकू आलं नाही.

"अगं ए. आत येऊ का?"

उंच खुर्चीवरून ठिपकीला तो पूर्ण दिसत होता. तिनं त्याचा चेहरा पाहिला, मग हात पाहिला. उतरून पाहिलं. पुन्हा खुर्चीवर चढून पाहिलं. इकडून आणि तिकडून.

मग तिनं आईच्या उजव्या बाजूला जाऊन तिचा दंड हलवला.

"आई," ती म्हणाली, "बाहेर गिऱ्हाईक आलंय."